‘लेट’ म्हणजे दिवंगत नव्हे : ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांच्या नोंदी वाचताना

या महिन्याच्या टपालात ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांच्या कारकिर्दीबद्दल इतकी पत्रे आली की सदराची सगळी पाने त्यांनाच द्यावी लागली. बहुतेक प्रश्नांची गाठ एकाच जागी बसली आहे. हुद्दा, नेमणूक आणि पलटण हे तीन धागे ब्रिटिश सैन्यात वेगवेगळे चालतात. एक पुढे सरकतो तेव्हा दुसरा तिथेच थांबलेला असू शकतो. ते सुटे करून पाहिले की कोड्यात टाकणाऱ्या बहुतेक तारखा आपोआप जागेवर बसतात.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लंडन गॅझेटात, म्हणजे ब्रिटिश सरकारी राजपत्रात, एका कर्नलच्या नावापुढे ‘लेट रॉयल आर्टिलरी’ असे छापलेले सापडले. तो वारला असे समजून मी टिपण केले. पण तीन वर्षांनी त्याच नावाचा माणूस मेजर जनरल झालेला दिसतो. ही दोन माणसे आहेत का?

उत्तर : माणूस एकच आहे, आणि तेव्हा तो हयात होता. लेफ्टनंट कर्नलपर्यंतचा अधिकारी आपल्या पलटणीच्या किंवा तोफखाना, इंजिनिअर यांसारख्या दलाच्या यादीत असतो. पुरा कर्नल झाला की त्या यादीतून त्याचे नाव निघते. तो कोणत्या घरातून आला एवढे सांगण्यासाठी गॅझेटात ‘लेट’ लिहितात. अर्थ फक्त ‘पूर्वी अमुक पलटणीचा’. अधिकारी मरण पावला असेल तर गॅझेटातली शब्दयोजना वेगळी, स्पष्ट असते.

याच जातीचा दुसरा चकवा ‘व्हाइस’ या शब्दाचा. ‘टु बी मेजर, व्हाइस अमुक’ म्हणजे उपमेजर नव्हे. अमुक माणसाची जागा रिकामी झाली आणि तिथे हा आला, एवढाच अर्थ. जुन्या नोंदींत पुढे ‘बाय पर्चेस’ किंवा ‘विदाउट पर्चेस’ असते, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिले आहे. ‘सुपरन्यूमररी’ म्हणजे मंजूर संख्येबाहेरचा. असा अधिकारी बहुधा पलटणीबाहेर कुठेतरी नेमलेला असतो आणि परतला की ‘रिस्टोर्ड टु द एस्टॅब्लिशमेंट’ अशी नोंद पडते. पुष्कळ जण ती वाचून माणूस निलंबित झाला होता आणि परत घेतला गेला, असे लिहितात. तसे काही झालेले नसते.

गॅझेटाच्या एका नोंदीत तीन तारखा असू शकतात : अंक छापल्याची, बढती लागू झाल्याची आणि ज्येष्ठता जिथून मोजायची ती. टिपणात तिन्ही वेगळ्या रकान्यांत लिहा. छापल्याची तारीख कित्येकदा लागू तारखेच्या काही महिने मागून येते आणि चरित्रलेखक नेमकी तीच उचलतात.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढलेले फील्ड मार्शल स्लिम मेजर कधी झाले? एका ठिकाणी १९३०, दुसऱ्या ठिकाणी १९३३ दिले आहे. कोणते चुकीचे?

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. १९३०मध्ये ते ब्रेव्हेट मेजर झाले आणि १९३३मध्ये सबस्टँटिव्ह मेजर. या प्रश्नात सगळ्या विषयाची किल्ली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सबस्टँटिव्ह म्हणजे कायम हुद्दा. पगार, निवृत्तिवेतन आणि पलटणीतली जागा त्यावर ठरते. ब्रेव्हेट हा सैन्यातला हुद्दा, पलटणीतला नव्हे. पलटणीत जागा रिकामी नाही, पण माणूस लायक आहे किंवा त्याने काही विशेष कामगिरी केली आहे, तर त्याला वरच्या हुद्द्याचा ब्रेव्हेट देत. पलटणीत तो कॅप्टनचेच काम करी. पण निरनिराळ्या पलटणींचे अधिकारी एकत्र आले, कोर्टमार्शल बसले किंवा मिश्र तुकडीचा प्रमुख ठरवायचा झाला, की ब्रेव्हेटची ज्येष्ठता मोजली जाई. पुढच्या बढतीलाही तिचा उपयोग होई.

टेम्पररी हुद्दा नेमणुकीपुरता असतो. नेमणूक संपली की तोही संपतो. ॲक्टिंग त्याहून कच्चा. एखाद्याने वरची जागा प्रत्यक्ष सांभाळायला घेतली की आधी ॲक्टिंग, काही काळ टिकला की टेम्पररी, असा महायुद्धातला क्रम होता. ‘वॉर सबस्टँटिव्ह’ ही युद्धकाळातली मधली पायरी. टेम्पररी हुद्दा गेला तरी माणूस त्याखाली घसरू नये, म्हणून ती ठेवलेली होती. लोकल हुद्दा विशिष्ट प्रदेशात किंवा कामावरच चाले.

आता स्लिम यांची कारकीर्द या चष्म्यातून पाहा. जन्म ब्रिस्टलचा, १८९१. घरी पैसा नव्हता. शाळेत शिकवणे, मग कारकुनी. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या ऑफिसर्स ट्रेनिंग कोअरमध्ये शिरकाव मिळाल्यामुळे ऑगस्ट १९१४मध्ये युद्ध सुरू होताच टेम्पररी सेकंड लेफ्टनंट म्हणून रॉयल वॉरिकशर रेजिमेंटमध्ये सनद (अधिकारीपदाचा दाखला) मिळाली. ती सनद युद्धापुरतीच होती. गॅलिपोलीत १९१५मध्ये ते गंभीर जखमी झाले. कायम सनद मिळाली १९१६मध्ये, वेस्ट इंडिया रेजिमेंटमध्ये. मेसोपोटेमियात पुन्हा जखमी, मिलिटरी क्रॉस, आणि १९१९मध्ये इंडियन आर्मीत बदली. तिथे सहाव्या गुरखा रायफल्समध्ये ॲडज्युटंट (बटालियनच्या प्रमुखाचा मदतनीस). घरच्या पैशाविना निव्वळ पगारावर जगू शकेल असा अधिकारी ब्रिटिश पलटणींपेक्षा इंडियन आर्मीकडे वळे, हे त्या काळी सर्रास होते.

यानंतर बढती मुंगीच्या पावलाने चालली. १९२६ ते १९२८ क्वेट्ट्याचे स्टाफ कॉलेज (मुख्यालयातल्या कामाचे शिक्षण देणारी संस्था), १९३०मध्ये ब्रेव्हेट मेजर, १९३३मध्ये मेजर, १९३४पासून कॅम्बर्लीच्या स्टाफ कॉलेजात शिक्षक, १९३७मध्ये लंडनचे इम्पीरियल डिफेन्स कॉलेज, १९३८मध्ये लेफ्टनंट कर्नल आणि सातव्या गुरखा रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनची कमान. तेव्हा वय ४६. पुढच्या वर्षी कर्नल होऊन बेळगावच्या सीनियर ऑफिसर्स स्कूलचे प्रमुख. तिथून अवघ्या सहा वर्षांत, १९४५मध्ये, ते जनरल झाले. मधल्या पायऱ्या बहुतेक टेम्पररी आणि ॲक्टिंग होत्या. मे १९४२मध्ये ब्रह्मदेशातून माघार घेणाऱ्या बर्मा कोअरची कमान त्यांच्याकडे होती तेव्हाचे ‘लेफ्टनंट जनरल’ हे ॲक्टिंग होते. म्हणून त्यांच्याबद्दल लिहिताना ‘१९४२ साली लेफ्टनंट जनरल’ हे नेमणुकीच्या दृष्टीने खरे, कायम हुद्द्याच्या दृष्टीने अपुरे.

ब्रिटिश अधिकाऱ्याची कोणतीही तारीख लिहाल तेव्हा तिच्यापुढे हुद्द्याचा प्रकार लिहा. हे एवढे केलेत तरी निम्मे घोळ मिटतात.

प्रश्न : माँटगोमेरी १९१८ साली लेफ्टनंट कर्नल होते आणि १९३१ साली पुन्हा लेफ्टनंट कर्नल झाले. मधे त्यांना शिक्षा झाली होती का?

उत्तर : नाही. १९१८मध्ये तिशीच्या उंबरठ्यावर ते ४७व्या डिव्हिजनचे मुख्य स्टाफ अधिकारी होते आणि हुद्दा होता टेम्पररी लेफ्टनंट कर्नल. युद्ध संपले, डिव्हिजन मोडली, हुद्दा गेला. कायम हुद्दा कॅप्टनचाच होता, सोबत मेजरचा ब्रेव्हेट. पुढे १९२५मध्ये कायम मेजर आणि १९३१मध्ये कायम लेफ्टनंट कर्नल. एकदा केलेले काम पुन्हा त्याच हुद्द्याने करायला तेरा वर्षे थांबावे लागले. गॅझेटात ‘रिलिंक्विशेस द टेम्पररी रँक’ असे दिसले की पदावनती झाली असे समजू नका. १९१९ आणि १९४६ या सालांच्या गॅझेटांत अशा नोंदींची रांगच्या रांग आहे.

दोन युद्धांमधल्या या तुंबलेपणाचे कारण साधे होते. पलटणीत मेजरच्या जागा मोजक्या, सैन्य आक्रसलेले आणि महायुद्धातून बचावलेले बहुतेक अधिकारी एकाच वयाचे. ऑगस्ट १९३८मध्ये युद्धमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी आठ वर्षांच्या सेवेनंतर कॅप्टन आणि सतरा वर्षांनंतर मेजर, असा कालबद्ध नियम आणला, वरिष्ठांची निवृत्तीची वये खाली आणली आणि अर्धपगाराची पद्धत बंद केली. अर्धपगार म्हणजे हुद्दा आहे पण नेमणूक नाही, अशा काळातला पगार. त्याआधी नवा मेजर जनरल पुढची कमान रिकामी होईपर्यंत महिनोन्‌महिने, कधी त्याहून अधिक, अर्ध्या पगारावर घरी बसलेला असे. चरित्रात १९३०च्या दशकात अशी रिकामी जागा दिसली तर आधी अर्धपगाराच्या यादीत पाहा. आजारपण किंवा मतभेद अशी कारणे घाईने लावू नका.

प्रश्न : मेजर हा लेफ्टनंटपेक्षा मोठा. मग लेफ्टनंट जनरल हा मेजर जनरलपेक्षा मोठा कसा?

उत्तर : सतराव्या शतकात या हुद्द्याचे पूर्ण नाव ‘सार्जंट मेजर जनरल’ होते. पुढे त्यातला सार्जंट गळला. लेफ्टनंट जनरल हा जनरलचा दुय्यम, म्हणून सार्जंट मेजर जनरलच्या वर. जाता जाता : ब्रिटिश सैन्यात ब्रिगेडियरची गणना जनरलांत होत नाही. पहिल्या महायुद्धातला ‘ब्रिगेडियर जनरल’ हा हुद्दा युद्धानंतर बंद झाला आणि १९२८मध्ये नुसता ‘ब्रिगेडियर’ आला. १९१६च्या माणसाला ब्रिगेडियर आणि १९४३च्या माणसाला ब्रिगेडियर जनरल म्हणणे, दोन्ही चूक.

प्रश्न : असईच्या लढाईत आर्थर वेलस्ली (पुढचे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) ३४ वर्षांचे होते आणि मेजर जनरल होते. पैसे मोजून हुद्दे विकत घेतले म्हणूनच ना? आणि भाव काय असे?

उत्तर : अर्धे बरोबर. सनदा विकत मिळत, पण फक्त लेफ्टनंट कर्नलपर्यंत. त्यापुढे पैसा चालत नसे, निव्वळ ज्येष्ठता.

वेलस्लींच्या तारखा बघा. मार्च १७८७मध्ये एन्साइन (पायदळातला सर्वांत खालचा अधिकारी), त्याच वर्षी डिसेंबरात लेफ्टनंट, १७९१मध्ये कॅप्टन, एप्रिल १७९३मध्ये ३३व्या पायदळ पलटणीत मेजर आणि त्याच सप्टेंबरात त्याच पलटणीचे लेफ्टनंट कर्नल. वय २४. थोरल्या भावाचा पैसा पाठीशी होता. इथे खरेदीचा भाग संपला. १७९६मध्ये ते कर्नल झाले ते ज्येष्ठतेने, आणि एप्रिल १८०२मध्ये मेजर जनरल तेही ज्येष्ठतेच्या यादीतून. तरुणपणी लेफ्टनंट कर्नल होण्याचा खरा फायदा हाच : ज्येष्ठतेची रांग लवकर धरता येई. मेजर जनरलकीची बातमी त्यांना हिंदुस्थानात काही महिन्यांनी कळली. म्हणून १८०२च्या उन्हाळ्यातल्या स्थानिक कागदांत ते अजून कर्नलच दिसतात. त्यात विसंगती नाही. २३ सप्टेंबर १८०३ला असई झाली तेव्हा मेजर जनरल होऊन दीड वर्षही झाले नव्हते.

भाव सरकारने ठरवलेले होते. १८२१च्या दरांनुसार साध्या पायदळात एन्साइन ४५० पौंड, लेफ्टनंट ७००, कॅप्टन १,८००, मेजर ३,२००, लेफ्टनंट कर्नल ४,५००. घोडदळात आणि गार्ड्‌समध्ये याहून बरेच जास्त. प्रत्येक पायरीला पूर्ण रक्कम नव्हे, फरक भरायचा : आधीची सनद विकून ७०० आले की कॅप्टनकीसाठी आणखी १,१०० घालायचे. निवृत्त होताना लेफ्टनंट कर्नल आपली सनद विकून ४,५०० पौंड उचली. तेच त्याचे निवृत्तिवेतन. यावर ठरलेल्या भावापेक्षा जास्तीची रक्कम गुपचूप देण्याघेण्याची रीत होती. ती बेकायदा, पण सर्वमान्य.

या पद्धतीत एक क्रूर कलम होते. अधिकारी लढाईत पडला की त्याची सनद विकता येत नसे. जागा खालच्या ज्येष्ठाला फुकट जाई आणि घरच्यांची गुंतवलेली रक्कम सामान्यतः बुडे. गॅझेटात ‘विदाउट पर्चेस, व्हाइस अमुक, किल्ड इन ॲक्शन’ ही ओळ वाचाल तेव्हा तिच्यामागे एका घरावरचा हा दुहेरी घाव असतो. १ नोव्हेंबर १८७१पासून खरेदी बंद झाली. युद्धमंत्री एडवर्ड कार्डवेल यांच्या सुधारणांतले हे मोठे पाऊल, आणि अधिकाऱ्यांना भरपाई देऊनच ते टाकता आले.

तोफखाना आणि इंजिनिअर यांत खरेदी कधीच नव्हती. तिथे वुलिचच्या अकादमीतून परीक्षा, आणि पुढे केवळ ज्येष्ठता. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातही सनद विकत मिळत नसे. कंपनीचे कॅडेट १८०९पासून ॲडिस्कम येथे तयार होत. पण तिथली बढती इतकी संथ, की कनिष्ठ अधिकारी वर्गणी काढून वरच्याला निवृत्त व्हायला राजी करत. फ्रेडरिक रॉबर्ट्‌स याच ॲडिस्कमचे. डिसेंबर १८५१मध्ये बेंगॉल आर्टिलरीत सेकंड लेफ्टनंट, १८५८मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस, १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचे कमांडर-इन-चीफ, १८९५मध्ये फील्ड मार्शल. एकही पायरी विकत घेतलेली नाही. तेव्हा ‘ब्रिटिश अधिकारी म्हणजे पैसेवाल्यांची पोरे’ हे विधान करण्यापूर्वी अधिकारी कोणत्या दलाचा आणि कोणत्या सालचा, ते पाहा.

प्रश्न : ‘ब्रिगेड मेजर’ आणि ‘जीएसओ वन’ यांत मोठा कोण?

उत्तर : हे दोन्ही हुद्दे नाहीत, नेमणुका आहेत. ब्रिगेड मेजर हा ब्रिगेडच्या मुख्यालयाचा कार्यवाह : आदेश लिहिणे, तुकड्यांच्या हालचाली जुळवणे. हुद्द्याने तो मेजर, पण पहिल्या महायुद्धात पुष्कळदा कॅप्टन. जीएसओ म्हणजे जनरल स्टाफ ऑफिसर. श्रेणी एक म्हणजे लेफ्टनंट कर्नल, दोन म्हणजे मेजर, तीन म्हणजे कॅप्टन. डिव्हिजनचा जीएसओ वन हा तिथला मुख्य स्टाफ अधिकारी. म्हणजे जीएसओ वन मोठा. ‘जी’ शाखा लढाई आणि गुप्तवार्ता पाही, ‘ए’ माणसे आणि शिस्त, ‘क्यू’ रसद. १९८०च्या दशकात ही नावे बदलून एसओ वन, एसओ टू, एसओ थ्री अशी झाली आणि ब्रिगेड मेजरचा ‘चीफ ऑफ स्टाफ’ झाला.

‘ॲडज्युटंट’ हीही नेमणूकच : बटालियनच्या प्रमुखाचा उजवा हात, साधारणपणे कॅप्टन. ‘कर्नल ऑफ द रेजिमेंट’ मात्र वेगळे प्रकरण. तो पलटणीचा मानद पालक, बहुधा एखादा जनरल. प्रत्यक्ष कमान लेफ्टनंट कर्नलकडे असते.

प्रश्न : आज ब्रिटनमध्ये कोणी जनरल होतो तो कोणत्या पायऱ्यांनी? आणि माणसे अडतात कुठे?

उत्तर : सुरुवात विल्टशरमधल्या वेस्टबरी येथे, आर्मी ऑफिसर सिलेक्शन बोर्डापुढे. आधी प्राथमिक चाचणी, मग साडेतीन दिवसांचे मुख्य बोर्ड. त्यानंतर सँडहर्स्टच्या रॉयल मिलिटरी अकादमीत ४४ आठवडे. वर्षाला तीन तुकड्या आत येतात. पदवीधर असो वा नसो, अभ्यासक्रम तोच. वुलिच आणि सँडहर्स्ट या जुन्या दोन संस्था १९४७मध्ये एक झाल्या, तेव्हा त्याआधीच्या तोफखाना अधिकाऱ्याला ‘सँडहर्स्टचा’ म्हणू नका. सनद मिळाल्यावर दलानुसार शिक्षण : पायदळाला ब्रेकन, तोफखान्याला लारखिल, रणगाड्यांना बोव्हिंग्टन, सिग्नल्सला ब्लँडफर्ड.

सेकंड लेफ्टनंट ते कॅप्टन हा प्रवास कालमानाने होतो. मेजरपासून निवड मंडळ बसते. मंडळापुढे माणूस येत नाही, त्याचे वार्षिक अहवाल येतात, आणि प्रत्येक अहवालावर दोन वरिष्ठांचे शेरे असतात. मेजरकीत कंपनी, स्क्वॉड्रन किंवा बॅटरीची कमान मिळाली पाहिजे. ती चांगली झाली नाही तर पुढचे दार जवळजवळ बंद. मग स्टाफ कॉलेज. कॅम्बर्लीचे १९९७मध्ये बंद झाले आणि तिन्ही दलांचे एकत्रित कॉलेज २०००पासून श्रिव्हनहॅम येथे आहे. हिंदुस्थानातल्या स्टाफ कॉलेजाची सुरुवात १९०५मध्ये देवळालीला झाली होती, हे आवर्जून नोंदवतो. क्वेट्ट्याला ते १९०७मध्ये गेले.

दुसरी आणि सर्वांत अरुंद जागा म्हणजे बटालियनची कमान. लेफ्टनंट कर्नल पुष्कळ असतात, बटालियन मोजक्या. ज्याला चाळिशीच्या आसपास कमान मिळाली नाही तो मुख्यालयात उत्तम काम करून कर्नलपर्यंत जातो, पण लढाऊ डिव्हिजनच्या वाटेवर क्वचितच राहतो. तिसरा अडथळा वयाचा. उशिरा मेजर झालेल्याला पुढच्या प्रत्येक मंडळापुढे कमी संधी उरतात, मग अहवाल कितीही चांगले असोत.

उदाहरण सर माइक जॅक्सन यांचे घ्या. १९६३मध्ये सनद मिळाली ती इंटेलिजन्स कोअरमध्ये. त्या दलातून वरच्या लढाऊ कमानींना वाट नाही. १९७०मध्ये त्यांनी पॅराशूट रेजिमेंटमध्ये बदली घेतली. कारकिर्दीतला निर्णायक वळसा हाच. १९७२च्या जानेवारीत डेरीत ‘ब्लडी संडे’ला पहिल्या बटालियनने नागरिकांवर गोळ्या झाडल्या तेव्हा ते तिचे ॲडज्युटंट होते आणि त्या दिवसाची चौकशी पुढे त्यांच्यापर्यंत आली. १९८०च्या दशकात त्याच बटालियनची कमान, मग उत्तर आयर्लंडमध्ये ३९वी ब्रिगेड, मग तिसरी डिव्हिजन आणि बोस्निया, मग नाटोची रॅपिड रिॲक्शन कोअर. १९९९मध्ये तिच्यासह कोसोव्हो. शेवटी २००३ ते २००६ चीफ ऑफ द जनरल स्टाफ. बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर : एकही कमान सुटलेली नाही. कोणाही आधुनिक ब्रिटिश जनरलची कारकीर्द तपासताना आधी ही साखळी मांडा. कडी कुठे तुटली ते दिसले की माणूस कुठे थांबला तेही कळते.

प्रश्न : ‘सर स्लिम’ लिहावे की ‘सर विल्यम’? आणि ह्यू रोज यांना झाशी जिंकल्याबद्दल ‘सर’ मिळाले का?

उत्तर : ‘सर विल्यम’ किंवा ‘सर विल्यम स्लिम’. ‘सर’ नेहमी पहिल्या नावाला लागते. ‘सर स्लिम’ कधीच नाही. हुद्दा आणि किताब दोन्ही लिहायचे तर ‘जनरल सर विल्यम स्लिम’.

किताबाचा हुद्द्याशी थेट संबंध नसतो. ऑर्डर ऑफ द बाथच्या तीन श्रेणी आहेत : सीबी, केसीबी, जीसीबी. वरच्या दोघांना ‘सर’ लागते, सीबीला लागत नाही. स्लिम यांना केसीबी मिळाली आणि १५ डिसेंबर १९४४ला इंफाळमध्ये व्हाइसरॉय वेव्हेल यांनी त्यांना समारंभपूर्वक नाइट केले. नावापुढच्या अक्षरांचा क्रम ठरलेला असतो. डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) आणि एमसी (मिलिटरी क्रॉस) शेवटी येतात म्हणून ती कमी मोलाची ठरत नाहीत. ती रणांगणावर मिळवावी लागतात. वरची पुष्कळशी अक्षरे पदाबरोबर येतात.

रोज यांना केसीबी झाशीच्या आधीच मिळाली होती, क्रिमियन युद्धातल्या कामासाठी. तिथे ते फ्रेंच सैन्याबरोबरचे ब्रिटिश प्रतिनिधी होते. त्याआधी बरीच वर्षे ते सीरियात आणि कॉन्स्टँटिनोपलमध्ये राजनैतिक कामावर होते, आणि त्या काळातही सैन्यातली ज्येष्ठता चालूच राहिली. १८५८च्या मोहिमेनंतर जीसीबी मिळाली. १८६६मध्ये ते बॅरन स्ट्रॅथनेर्न झाले आणि त्या उमरावकीच्या पूर्ण नावात झाशी घातली गेली. १८६६नंतरच्या कागदांत ‘रोज’ शोधाल तर माणूस हरवेल. ‘लॉर्ड स्ट्रॅथनेर्न’ शोधा.

प्रश्न : जुन्या फोटोवरून हुद्दा कसा ओळखावा?

उत्तर : १९०२नंतरच्या फोटोंत खांद्यावर एक तारा सेकंड लेफ्टनंट, दोन लेफ्टनंट, तीन कॅप्टन. मुकुट म्हणजे मेजर. मुकुट आणि एक तारा लेफ्टनंट कर्नल, दोन तारे कर्नल, तीन तारे ब्रिगेडियर. एकमेकांवर तिरपी ठेवलेली तलवार आणि दंड दिसले की जनरल : सोबत तारा तर मेजर जनरल, मुकुट तर लेफ्टनंट जनरल, दोन्ही तर जनरल. १९१४ ते १९१८मध्ये नुसती तलवार आणि दंड म्हणजे ब्रिगेडियर जनरल. पहिल्या महायुद्धात खाकी गणवेशावर ही चिन्हे बहुधा मनगटाशी बाहीवर असतात, खांद्यावर शोधून सापडत नाहीत. कॉलरवरच्या लाल पट्ट्यांनी फसू नका. त्या युद्धात स्टाफवरचा कॅप्टनही त्या लावत असे. कर्नल आणि वरच्यांपुरत्या त्या नंतर मर्यादित झाल्या. विसाव्या शतकातल्या फोटोत मुकुटाची कमान गोल फुगीर असेल तर फोटो दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या आधीचा, मधे खचलेली असेल तर तिच्या कारकिर्दीतला.

प्रश्न : एका ब्रिटिश कर्नलची सबंध कारकीर्द कागदांवरून उभी करायची आहे. कोणत्या क्रमाने शोधावे?

उत्तर : आधी आर्मी लिस्ट, मग गॅझेट, मग दप्तर. उलट्या क्रमाने गेलात तर एकाच आडनावाच्या चार माणसांत अडकाल.

आर्मी लिस्ट अठराव्या शतकाच्या मध्यापासून छापली जात होती. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तिचे शेकडो खंड जालावर मोफत ठेवले आहेत. पाच-पाच वर्षांच्या अंतराने खंड उघडा आणि माणसाची पलटण व हुद्दा टिपा. १८३९ ते १९१५ या काळासाठी हार्टची आर्मी लिस्ट अधिक उपयोगाची, कारण तळटीपांत प्रत्येकाच्या लढाया दिलेल्या असतात. नावापुढे ‘पीएससी’ दिसले तर स्टाफ कॉलेज झालेले आहे, ‘आयडीसी’ दिसले तर इम्पीरियल डिफेन्स कॉलेज.

हुद्दा बदलला ती पाच वर्षांची फट सापडली की तेवढ्याच काळाचे गॅझेट चाळा. तेही जालावर मोफत आहे, पण शोधयंत्र छपाईतली अक्षरे चुकीची वाचते. पूर्ण नावाने मिळाले नाही तर आडनाव आणि पलटण टाका, आद्याक्षरे गाळा. दुसऱ्या महायुद्धाच्या अंकांत नावाशेजारी कंसात अधिकाऱ्याचा क्रमांक असतो. तो एकदा मिळाला की क्रमांकानेच शोधा.

दप्तरे लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्‌जमध्ये आहेत. पहिल्या महायुद्धातल्या अधिकाऱ्यांच्या फायली डब्ल्यूओ ३३९ आणि डब्ल्यूओ ३७४ या मालिकांत. मूळ सेवानोंदी १९४०च्या बाँबहल्ल्यात जळाल्या. उरला आहे तो पत्रव्यवहार, त्यामुळे एखादी फाईल जाडजूड तर दुसरीत चारच कागद. १९२२नंतरही सेवेत राहिलेल्यांच्या फायली या मालिकांत नसतात, त्या बराच काळ संरक्षण मंत्रालयाच्या ताब्यात होत्या आणि २०२२पासून टप्प्याटप्प्याने नॅशनल आर्काइव्ह्‌जकडे जात आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या पदकांच्या शिफारशी डब्ल्यूओ ३७३मध्ये आहेत आणि एखाद्या अधिकाऱ्याने नेमके काय केले याचे सर्वांत जिवंत वर्णन तिथेच मिळते.

तुमचा कर्नल कंपनी सरकारचा किंवा इंडियन आर्मीचा निघाला तर क्यूला जाऊन उपयोग नाही. त्याचे कागद ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात. एल/एमआयएल/९मध्ये कॅडेटांचे अर्ज आहेत, त्यांत जन्माचा दाखला आणि शिफारस करणाऱ्याचे नाव सापडते. विसाव्या शतकातल्या अधिकाऱ्यांच्या फायली एल/एमआयएल/१४मध्ये. माणूस आधी ब्रिटिश पलटणीत आणि मग इंडियन आर्मीत गेला असेल, स्लिम यांच्यासारखा, तर दोन्ही ठिकाणी मागणी नोंदवा आणि बदलीची तारीख दोन्ही बाजूंच्या कागदांत जुळते का ते आधी पाहा.